मुठीतला मिठाचा खडा

झरीच्या मदारभाई पिंजाऱ्याला दोन गोष्टींचा मोठा अभिमान होता. एक म्हणजे त्याने पिंजलेल्या कापसाची गादी वर्षानुवर्षं गठुळत नसे. दुसरी म्हणजे रमजानात पोरांना सांगायची त्याची गोष्ट अजानच्या आधी कधी संपली नव्हती, आणि अजानने तिला कधी मधेच तोडलंही नव्हतं. गादीचं कौतुक कुणी केलं तर तो नुसता मान हलवायचा. गोष्टीचं केलं की मात्र गडी दिवसभर खुशीत असायचा, आणि ते कौतुक बायकोला संध्याकाळपर्यंत तीनदा ऐकावं लागायचं.

थंडी लागायच्या सुमाराला पिंजण खांद्यावर टाकून तो गावोगाव फिरे. झरी झाली की पोखर्णी, मग आजूबाजूच्या वाड्या. पिंजण म्हणजे पिंजाऱ्याची भलीमोठी कमान. तिच्या तातेवर, म्हणजे ताणून बांधलेल्या दोरीवर, लाकडी मोगरी हाणली की धुनक-धुनक असा आवाज निघतो आणि खाली पडलेला जुना दडपलेला कापूस फुलून वर येतो. हा धुनकारा उभा जन्म कानाशी वाजल्यामुळे मदारभाईचा डावा कान जवळजवळ कामातून गेला होता. उजवा होता, पण तोही स्वतःच्या मर्जीचा मालक. "जेवायला हाक मारली की बरं ऐकू येतं यांला," त्याची बायको जैतुनबी म्हणायची, "आन पाणी आणा म्हणलं की न्हाई!"

पावसाळ्यात त्याला काम नसे. दमट हवेत कापूस फुलतच नाही, मोगरी हाणून हाणून हात तेवढे दुखतात. मग पिंजण खुंटीला लागे आणि मदारभाई दाराशी बसून राही. घरात दोनच माणसं. मूल व्हावं म्हणून जैतुनबीने दर्गे केले, मन्नती बोलल्या, शेजारच्या नर्मदाबाईंबरोबर जाऊन पोखर्णीच्या नरसिंहालाही नारळ वाहून आली. मूल झालं नाही ते नाहीच. ते दुःख दोघांनी कधी एकमेकांना बोलून दाखवलं नाही, पण पावसाळ्याच्या रिकाम्या दुपारी ते घरात फिरताना दिसायचं.

गोष्टीची सुरुवात अशाच एका रिकाम्या दिवशी झाली. रमजानचे दिवस होते. मोहल्ल्यातल्या पोरांनी चिडीचा रोजा धरला होता. चिडीचा रोजा म्हणजे चिमणीएवढा, सकाळी धरून दुपारी सोडायचा. असे दोन जोडले की एक मोठा होतो, अशी पोरांची ठाम समजूत. दुपारी जेवलेली ही पोरं संध्याकाळी भज्यांचा वास सुटला की पुन्हा उपाशी व्हायची, चुलीभोवती घोटाळायची आणि रोजेदार आयांच्या हातचे धपाटे खायची. त्या दिवशी तीन-चार पोरं रडत मदारभाईच्या दारावरून चालली होती. त्याने खुंटीवरची कमान काढली आणि धुनक करून एकच ठोका दिला. रडणं थांबलं. दुसरा ठोका दिला. पोरं आत आली.

"हा आवाज कशाचा?" त्याने विचारलं.

"पिंजणाचा!"

"न्हाई. कुनीतरी चालत यायलंय. दुधना नदी ओलांडून यायलंय. बगा, पाय वाजायलेत." आणि त्याने तातेवर हळूहळू पावलं वाजवली.

त्या दिवसापासून तो पाहुणा दर रमजानात झरीला येऊ लागला. गोष्ट एकच, पण दर संध्याकाळी ती निराळी व्हायची, कारण अर्धी गोष्ट पोरं सांगायची. कोण आलं, असं चाचाने विचारलं की पोरं ओरडायची, "पाहुणा!" सामान काय आणलं? "एक गाठोडं!" गाठोड्यात काय? "भूक!" कुणाची? इथे पोरं जरा हळू बोलायची. "ज्याच्या घरची चूल पेटत न्हाई त्याची." मग पाहुणा म्हणायचा, ही भूक एक दिवस कोण सांभाळतो? ती ठेवायला तो देहाच्या घराचं एकेक दार ठोठावायचा. एक पोर डोळा व्हायचं, एक कान, एक जीभ, एक हात. डोळ्याचा रोजा कसा असतो रे? डोळा झालेल्याने तिथल्या तिथे उत्तर शोधायचं. "मी दुसऱ्याच्या ताटात बगनार न्हाई." जिभेने सांगायचं, "मी शिवी देनार न्हाई." एकदा जीभ झालेल्या पोराने "सकाळपासून दोनच दिल्या" असं कबूल केलं, तेव्हा चाचासकट सगळे लोळून हसले. पोट झालेला नुसता गुरगुरायचा. सूर्य झालेला हट्टी, तो मावळायलाच तयार नसायचा. त्याची सगळ्यांनी विनवणी करायची.

सगळ्यात मानाचं काम चांदचं. चांद गोष्टभर गप्प बसायचा. शेवटी चाचा विचारायचा, "चांद कुठंय?" आणि चांद झालेलं पोर उभं राहून म्हणायचं, "निघाला!" त्याच घडीला मशिदीचा नगारा वाजायचा, अजान व्हायची आणि पोरं मुठी उघडायची.

मुठींची गंमत मदारभाईने नर्मदाबाईंकडून उचलली होती. त्या श्रावणात ओसरीवर बसून आपल्या नातीला, विमलला, कहाणी सांगत. ऐकताना विमलच्या मुठीत तांदळाचे दाणे असायचे, म्हणजे मन इकडेतिकडे जात नाही. मदारभाईला हे फार पटलं. त्याने पोरांच्या मुठीत खजूर द्यायला सुरुवात केली. पण पुढे लढाई लागली, साखर-रॉकेलसारखा खजूरही बाजारात दिसेनासा झाला. मग मिठाचा खडा आला. मिठानेही रोजा सोडता येतो, आणि मीठ जैतुनबीच्या मडक्यात होतंच. गोष्टीला बसताना एकेक खडा मुठीत घ्यायचा, नि चांद निघाल्यावर जिभेवर ठेवायचा. मधेच चाटणाऱ्याचं तोंडच सांगायचं.

पुढे एक वर्ष असं आलं की रमजान आणि श्रावण एकाच चंद्राने लागले. इकडे रोजा धरण्याआधीच्या सहेरीच्या जेवणासाठी चुली पेटायच्या, तिकडे नर्मदाबाईंचं पहाटेचं स्नान चाललेलं असायचं. विमल पहिल्यांदाच श्रावणी सोमवार धरत होती. तिची जिवाची मैत्रीण खैरू, मोहल्ल्याच्या टोकाला राहणाऱ्या शहजादबीची पोर. तिने ते पाहिलं नि जाहीर करून टाकलं, "मी बी रोजा धरनार. चिडीचा न्हाई, पुरा. विमलच्या सोमवारीच."

खैरूचा बाप सेलूला कापसाच्या अडतीवर हमाली करायचा, सणासुदीला घरी. ती उन्हाळ्यात हिवतापाने अशी झडली होती की अंगावरचा कुडता नुसत्या खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. सोमवारी सकाळीच शहजादबी तिला घेऊन मदारभाईच्या दारात आली.

"चाचा, ही पोरगी ऐकायलीच न्हाई. रात्री निजली न्हाई, सहेरीला माज्या आधी उठून बसली. आता तुमीच सांगा हिला."

"अगे खैरू, दिवस लय मोटा हाय. थंडीच्या रोज्यात धर की."

"थंडीत रमजान कवा येनार?" खैरूने विचारलं.

 रमजानचा पाहुणा दरवर्षी थोडा आधी येतो आणि असा फिरत फिरत सगळे मोसम बघतो, हे मदारभाईनेच पोरांना शिकवलं होतं. आता हिवाळ्यात यायला त्याला कित्येक वर्षं लागणार होती, आणि तोवर खैरू कुणाच्या तरी घरी सून झालेली असणार होती. जैतुनबी पदराआड हसली.

"बरं," शहजादबी म्हणाली, "धरू द्या. पन माजी एक अट हाय. हिनं एकदा जरी पाणी मागितलं, तर मी पाजनार. मग रोजा गेला म्हनून रडायचं न्हाई. पोरीच्या जिवापेक्षा मला काय जास्त न्हाई."

"न्हाई मागनार," खैरू म्हणाली.

"संध्याकाळचा वकत मी काढून देतो," मदारभाई बोलून गेला. "तिला माज्याकडं सोड."

बोलून गेला, आणि दिवसभर त्याला तेच डाचत राहिलं. दुपारी एकदा तो शहजादबीच्या घरावरून उगाच चक्कर टाकून आला. खैरू उंबऱ्यावर बसली होती, ओठ पांढरे पडले होते, पण चाचाला बघून तिने अंगठा वर करावा तशी मूठ वर केली. आपल्या रोज्याची त्याला आयुष्यात कधी एवढी काळजी वाटली नव्हती.

दुपारनंतर आभाळ भरून आलं. पाऊस पडेना आणि ऊनही निघेना. मदारभाईची खरी अडचण ही होती. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. नर्मदाबाईंच्या भिंतीवर लिंबाची सावली कुठवर चढली ते बघून तो गोष्ट लांबवायचा किंवा आवरती घ्यायचा. आज भिंतीवर सावलीच नव्हती. सगळा उजेड धुवट, सकाळ की संध्याकाळ हे कळू नये असा.

तरी पोरं जमली. जैतुनबीने खडे वाटले. विमल मुठीत तांदूळ घेऊन खैरूला खेटून बसली. चाचाने खैरूला चांद केलं, म्हणजे गोष्टभर बोलावं लागणार नाही आणि घसा सुकणार नाही. शहजादबी पाण्याचा कटोरा पदराखाली धरून दाराच्या चौकटीशी उभी राहिली. तिने तो लपवला होता, पण सगळ्यांना दिसत होता. खैरूलाही.

धुनक-धुनक करत पाहुणा दुधना ओलांडून आला. डोळ्याने, कानाने, जिभेने उत्तरं दिली. हात झालेल्या पोराने "मी आमच्या म्हाताऱ्या शेजारणीचं पाणी भरलं" असं सांगितलं, आणि पाण्याचं नाव निघताच मदारभाईने खैरूकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. त्याने घाईने सूर्याला पुढे केलं. सूर्य हटून बसला. पोरं विनवू लागली. मदारभाई एक डोळा भिंतीकडे आणि एक खैरूकडे ठेवून कमान वाजवत होता. तिची मान हळूहळू विमलच्या खांद्यावर कलत चालली होती. चौकटीशी शहजादबीचा हात पदराखालून बाहेर आला.

तेवढ्यात नगारा वाजला.

मदारभाईच्या छातीवरचा धोंडाच उतरला. "सुटला, सुटला रोजा! खोला मुठी!" तो ओरडला, पुटपुटत दुआ म्हणाला, आणि पोरांना दाखवायला म्हणून सगळ्यात आधी स्वतःचा खडा जिभेवर ठेवला. पोरांनीही पटापट खडे तोंडात टाकले.

खैरूने मूठ उघडली नाही.

"अगे, खोल की!"

तिने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक येत होता. "चाचा, चांद कुटं निघालाय? तुमी मला इचारलंच न्हाई."

मदारभाई थबकला. खरंच, त्याने विचारलं नव्हतं. पोरीचं तोंड सुकलेलं बघून त्याला चांदचं भानच राहिलं नव्हतं. विचारायला तोंड उघडलं, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की नगाऱ्यामागून अजान आलेली नाही. त्याने उजवा कान दाराकडे केला. नगारा अजून वाजतच होता, आणि त्याच्याबरोबर घंटाही. मशिदीत घंटा कुठली? श्रावणी सोमवार होता. आभाळ बघून लिंबाजी गुरवाला वाटलं होतं दिवेलागण झाली, आणि त्याने महादेवाच्या देवळात आरती धरली होती. रोजच्या हवेत मशिदीचा नगारा कुठला नि देवळाचा कुठला हे झरीतलं तान्हं पोरही सांगू शकलं असतं. पण पावसाळी दमट हवेत दोन्हींचं चामडं सैल पडलेलं, आणि चाचाचा कान हा असा.

जैतुनबीने कपाळाला हात लावला. पोरांचे चिडीचे रोजे तर दुपारीच सुटलेले, त्यांचं काही गेलं नव्हतं. गेला होता तो मदारभाईचा. मिसरूड फुटल्यापासून एकही न चुकवलेला माणूस तोंडात मीठ घेऊन बसला होता. त्याला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. दाराबाहेर जाऊन त्याने मीठ थुंकलं आणि परत येऊन जागेवर बसला.

"बरोबर हाय बेटी," तो म्हणाला. "चांद निघाला न्हाई. मी चुकलो."

"बास झालं आता," शहजादबी पुढे आली. "समद्यांनी सोडला, चाचानं सोडला. पी बाई पाणी."

खैरूने कटोऱ्याकडे पाहिलं. मदारभाईला वाटलं, आता ही पिणार, आणि हिचा पहिला रोजा आपल्या तोंडाने मोडला असं होणार. पाणी पिऊ नकोस म्हणायची त्याची छाती होत नव्हती आणि पी असंही म्हणवत नव्हतं. खैरू आईला म्हणाली, "मी मागितलंय का?"

शहजादबीचा हात तसाच राहिला. अट तिचीच होती.

"मी बी थांबते," विमलने मुठीतले तांदूळ घट्ट धरले. तिकडे आरती झालेली, तिचा सोमवार घरी जाऊन केव्हाही सोडता आला असता.

मदारभाईने कमान उचलली. आता त्याच्याजवळ गोष्ट उरली नव्हती. डोळा, कान, जीभ, पोट सगळे आपापलं बोलून बसले होते. मग त्याने पाहुण्याचीच वाट चुकवली. पाहुणा देवळाचा नगारा ऐकून देवळात गेला, सांगू लागला. लिंबाजी गुरव म्हणाला, बाबा, तुझं घर त्या बाजूला. मग काय झालं रे पोरांनो? पोरांनी ही गोष्ट कधीच ऐकलेली नव्हती. ती खडा विसरून पुढे सरकली. एकाने पाहुण्याला विहिरीजवळून वळवलं, दुसऱ्याने चावडीवरून नेलं. नर्मदाबाईंनी त्याला ओसरीवर बसायला पाट द्यावा, असं विमलने सुचवलं. आपण एवढे मोठे झालो तरी रस्ता चुकलो म्हणून पाहुणा पाटावर बसून रडला, असं चाचाने सांगितलं. खैरू दर वाक्याला हुंकार देत होती. "हं." जरा वेळाने, "हं." तो हुंकार येतोय तोवर सगळं ठीक आहे, एवढंच मदारभाईला कळत होतं.

मशिदीचा नगारा वाजला तेव्हा तो हलला नाही. अजानचा पहिला शब्द उजव्या कानावर नीट येऊ दिला.

"चांद कुठंय?" त्याने विचारलं.

खैरू विमलच्या खांद्याला धरून उभी राहिली. "निघाला."

तिने मूठ उघडली. आत खडा नव्हता. घामाने तो केव्हाच विरघळून गेला होता, हात तेवढा ओला होता. तिने आईकडे पाहिलं, चाचाकडे पाहिलं, आणि तळहात चाटला. शहजादबी कटोरा घेऊन धावली, तिला पाणी पाजता पाजता रडायला लागली. रात्री मोहल्ल्याने खैरूच्या गळ्यात पहिल्या रोज्याचे झेंडूचे हार घातले. सगळ्यात मोठा हार मदारभाईने आणला होता.

मुल्लाजींना त्याने दुसऱ्याच दिवशी विचारून घेतलं. चुकून सुटला तरी रोजा सुटलाच, ईदनंतर एक भरून द्यावा लागेल, असं ते म्हणाले. मदारभाईने मान हलवली.

ईद झाली, शीरखुर्मा जिरला, खैरूचा बाप सेलूला परत गेला. गावात गणपती बसले. आणि एका दिवशी मदारभाईने आपला राहिलेला रोजा धरला. सगळा गाव जेवतोय आणि आपण एकटेच उपाशी, हे काही सोपं नव्हतं. रमजानात भूक वाटली जाते, ही सगळी त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली. संध्याकाळ होता होता तर तो भिंतीला टेकून नुसता बसला. गोष्ट सांगणाऱ्याला हा वकत कधी कळतच नाही, सांगता सांगता निघून जातो. आज त्याला तो कळत होता.

दारात खैरू आली. मागे विमल, तिच्यामागे सगळी फौज. खैरूने जैतुनबीच्या मडक्यातून खडा आणला, चाचाच्या हातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. मग खुंटीवरची कमान दोघीतिघींनी मिळून काढली. खैरूला ती पेलेना, म्हणून विमलने एक टोक धरलं.

"आज तुमी पोट," खैरू म्हणाली. "नुसतं गुरगुरायचं. आन हुंकार द्यायचा."

"आन चांद कोन?"

"ते मी बगते."

धुनक. पाहुणा दुधना ओलांडून आला. खैरूचा पाहुणा फार हळू चालत होता, वाटेत प्रत्येक झाडाखाली थांबत होता, आणि मदारभाई पोटातून गुरगुरत होता, हुंकार देत होता. पोरं हसत होती. बाहेर उजेड मंदावला. कुठूनसा नगारा वाजला.

मदारभाईची मूठ उघडायला लागली, तेवढ्यात खैरूचा छोटासा हात तिच्यावर येऊन बसला.

"थांबा चाचा. ती गणपतीची आरती हाय. चांद अजून निघाला न्हाई."

"हं," मदारभाई म्हणाला, आणि मूठ मिटून पुढचं ऐकू लागला.